सहा गुंड्यांची मोटार

शाळाशाळांतून भरणाऱ्या छंद-प्रदर्शनांत अलीकडे एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. प्लास्टिकच्या लहान विटा एकमेकींवर दाबून बसवून केलेल्या मोटारी टेबलांवर ओळीनें मांडलेल्या असतात. त्यांतील एखादी हातभर लांब, चकचकीत, हजारों तुकड्यांची असते. तिच्या शेजारीं एखादी वीतभरही नसलेली, ओबडधोबड, तीन रंगांच्या विटा नाइलाजानें एकत्र आलेली अशी असते. परीक्षक येतात, मोठीपुढें थांबतात, लहानीपुढून निघून जातात, आणि बक्षीस कोणास मिळावयाचें हें तेथेंच ठरतें. ही रीत चुकीची आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. व तें कां, हें विद्यार्थी आणि त्यांचे पालक या दोघांपुढेंही मांडावें, म्हणून हा लेख.

आमचें म्हणणें असें. पेटींतून आलेली मोटार सोबतच्या पुस्तिकेबरहुकूम जुळवणें हें एक काम. आणि मनांतील मोटार स्वतः योजून, तिचीं चाकें वळतील, इंजिनाचे दट्टे हलतील, अशी ती उभी करणें हें दुसरें काम. दोन्ही कामें चांगलीं आहेत, परंतु तीं एक नव्हेत. पहिलें म्हणजे कित्ता गिरवणें. कित्त्यावांचून अक्षर सुधारत नाहीं हें कोणता शिक्षक नाकारील? पण कित्ता सुंदर काढला म्हणून कोणास निबंधाचें बक्षीस दिल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

प्रथम त्या विटेविषयीं. डेन्मार्क देशांतील बिलुंड ह्या गांवीं ओले कर्क क्रिस्टियान्सेन नांवाचा एक सुतार होता. मंदीच्या काळांत बांधकामाचीं कामें मिळेनाशीं झालीं, तेव्हां १९३२ सालीं त्यानें लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला, आणि १९३४ सालीं आपल्या धंद्यास 'लेगो' हें नांव दिलें. 'चांगलें खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांच्या पहिल्या अक्षरांतून तें झालें आहे. वर गुंड्या आणि पोटांत पोकळ नळ्या अशी जी वीट आज आपण पाहतों, तिच्या पेटंटासाठीं त्याचा मुलगा गॉटफ्रेड यानें २८ जानेवारी १९५८ रोजीं अर्ज केला. पुढें १९६२ सालीं चाक आलें, १९७० सालीं दांतेरी चाकें आलीं, आणि १९७७ पासून यंत्ररचनेची स्वतंत्र मालाच निघाली. तींत सुकाणू फिरवलें असतां पुढचीं चाकें वळतात असा मोटारीचा सांगाडा होता. येथून पुढें हें खेळणें केवळ घरें बांधण्याचें राहिलें नाहीं.

ह्या विटेचें माप ध्यानांत ठेवण्याजोगें आहे, कारण पुढील सर्व कथा त्या मापांतून निघते. एका गुंडीच्या मध्यापासून शेजारच्या गुंडीच्या मध्यापर्यंत अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची मात्र ९.६ मिलिमीटर. आणि पातळ वीट, जिला आपण पाटी म्हणूं, तिची उंची विटेच्या बरोबर तिसरा हिस्सा, म्हणजे ३.२ मिलिमीटर. आतां कुशींत भोकें असलेल्या दोन विटा एकीवर एक ठेवल्या, तर भोकांमधील उभें अंतर ९.६ होतें, आणि आडवें अंतर तर ८ आहे. जीं दांतेरी चाकें आडवीं नीट जुळलीं, तींच उभीं जुळत नाहींत. मूल बुचकळ्यांत पडतें. मग केव्हांतरी त्यास सांपडतें कीं, त्या दोन विटांमध्यें दोन पाट्या घातल्या असतां अंतर १६ मिलिमीटर, म्हणजे नेमक्या दोन गुंड्यांइतकें होतें. पांच पाट्या म्हणजे दोन गुंड्या! लघुतम साधारण विभाज्य म्हणून जो वर्गांत घोकला, तो येथें बोटांखालीं येतो, आणि मग तो विसरला जात नाहीं.

दांतेरी चाकांचीही अशीच सोय आहे. दांते जेथें एकमेकांत बसतात तेथपर्यंत मोजलें, तर आठ दांत्यांच्या चाकाची त्रिज्या ४ मिलिमीटर, चोवीस दांत्यांच्या चाकाची १२, चाळीस दांत्यांच्या चाकाची २०. म्हणून आठ व चोवीस यांचे आंस दोन गुंड्यांच्या अंतरावर आणि आठ व चाळीस यांचे तीन गुंड्यांच्या अंतरावर चपखल बसतात. आठ व सोळा यांना मात्र दीड गुंडी लागते. ही अर्धी गुंडी कोठून आणावयाची, ह्यावर एखादी सबंध दुपार जाते. ती फुकट गेली असें ज्यांस वाटतें, त्यांनीं त्या दुपारीं मुलाजवळ बसून पाहावें.

उदाहरणादाखल एक ओळखीची मोटार घेऊं. मारुति ८०० ही १९८३ सालीं रस्त्यावर आली, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. आमच्या वाचकांच्या वडील मंडळींपैकीं पुष्कळांचा मोटारीशीं पहिला परिचय हिच्याच मागच्या बाकावर झालेला असेल. १९८६ पासून तिचें जें रूप रूढ झालें, त्याची लांबी ३,३३५ मिलिमीटर, रुंदी १,४४०, आणि पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर २,१७५. आतां नमुना सहा गुंड्या रुंद, म्हणजे ४८ मिलिमीटर, करावयाचा असें ठरवूं. १,४४० ला ४८ नें भागलें असतां ३० येतात; तेव्हां तीस मिलिमीटरांस एक मिलिमीटर हें आपलें प्रमाण. त्या प्रमाणानें लांबी १११ मिलिमीटर होते. चौदा गुंड्यांस केवळ एक मिलिमीटर कमी. आंसांमधील अंतर साडेबहात्तर, म्हणजे नऊ गुंड्या. चाक रबरी धांवेसह सुमारें सतरा मिलिमीटर. जणूं बिलुंडची वीट आणि ही मोटार एकाच गजानें मोजल्या होत्या!

परंतु आनंद येथपर्यंतच. सहा गुंड्यांपैकीं जवळजवळ दोन गुंड्या तर दोहों बाजूंच्या चाकांनींच व्यापल्या. राहिल्या चार. पुढचीं चाकें वळावयाचीं, म्हणजे वळतांना त्यांचीं टोकें आंत शिरणार. सतरा मिलिमीटरांचें चाक तीस अंशांनीं वळलें, तर त्याची कड चार मिलिमीटरांहून थोडी अधिक आंत येते. दोन्ही बाजूंस अर्धी-अर्धी गुंडी गेली. आतां मध्यें उरल्या तीन गुंड्या, आणि त्या तीन गुंड्यांत सुकाणू, इंजिन व बसावयाच्या जागा यांची सोय लावावयाची! मोठ्या नमुन्यांत सर्व कांहीं मावतें. ह्याच कंपनीनें २०१८ सालीं काढलेल्या बुगाटी शिरॉन मोटारीच्या नमुन्यांत ३,५९९ तुकडे आहेत आणि आठ वेगांची गिअरपेटी आहे. ती योजणाऱ्यांचें कौशल्य आम्ही कमी लेखीत नाहीं. पण तेथें निवड करण्याची पाळी मुलावर येत नाहीं. सहा गुंड्यांत ती येतेच. काय ठेवावें यापेक्षां काय सोडावें, हें ठरवणें फार कठिण असतें, आणि आमच्या समजुतीप्रमाणें हेंच ह्या छंदांतील खरें शिक्षण आहे.

सुकाणूचेंच पाहा. चारचाकी बग्गीचा पुढचा सबंध आंस मधल्या खिळ्याभोंवतीं फिरतो. विटांची मोटार करणारें मूल प्रथम हाच मार्ग धरतें, कारण तो सोपा आहे. मधल्या खिळ्यापासून चाक वीस मिलिमीटरांवर असेल, तर आंस वीस अंशांनीं फिरवतांच एक चाक सुमारें सात मिलिमीटर पुढें जातें व दुसरें तितकेंच मागें. म्हणजे चाकाच्या कमानी दोहोंकडून जवळजवळ एकेका गुंडीनें रुंद कराव्या लागतात, आणि मारुति मारुति राहत नाहीं. तेव्हां प्रत्येक चाकास स्वतःची खुंटी द्यावी आणि दोन्ही खुंट्यांचे बाहू एका आडव्या पट्टीनें जोडावे, ह्या निष्कर्षावर तें मूल येतें. म्युनिक येथील गाडी बांधणारा लांकेन्स्पेर्गर हा ह्याच निष्कर्षावर आला होता, आणि त्याच्या वतीनें अकरमन यानें १८१८ सालीं इंग्लंडांत त्या युक्तीचें पेटंट घेतलें. कार्ल बेंझ याची १८८६ ची मोटार तर तीनच चाकांची होती. पुढचीं दोन चाकें वळवण्याची मनाजोगी रीत त्यानें १८९३ सालीं पेटंट केली. जी गोष्ट बेंझसारख्यास सांपडावयास इतका काळ लागला, ती आठवीच्या वर्गांतील मुलास किंवा मुलीस रविवारीं दुपारीं स्वतःच्या हातानें सांपडावी, ही काय सामान्य गोष्ट आहे?

आडव्या पट्टीस दांते असले, आणि त्यांवर आठ दांत्यांचें चाक उभ्या आंसावर बसवून तो आंस छपरांतून वर काढला, कीं छपरावरील बोंडी फिरवून मोटार वळवतां येते. चाकाचा एक फेरा म्हणजे पट्टीची पंचवीस मिलिमीटर चाल. आपल्याला चारच हवीत. फेऱ्याचा सहावा हिस्सा पुरे. खुंटीचा बाहू एक गुंडी लांब असला, तर तेवढ्यानें चाकें तीस अंशांनीं वळतात, आणि पुढचें चाक १४४ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातें. तीसनें गुणलें तर सव्वाचार मीटरांहून थोडें अधिक. खरी लहान मोटारही साधारण तेवढ्याच जागेंत वळते. इंग्रजी बोलणाऱ्या छांदिष्टांनीं ह्या बोंडीच्या सुकाणूस थट्टेनें 'हँड ऑफ गॉड' असें नांव दिलें आहे. तें नांव खेळण्यावर खर्च करणें आम्हांस रुचत नाहीं. युक्ति मात्र चांगली आहे.

मागच्या आंसाची गोष्ट निराळी. वळतांना बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक रस्ता तोडावा लागतो. किती अधिक? दोन चाकांमध्यें चाळीस मिलिमीटर अंतर असेल, तर पूर्ण फेऱ्यास सुमारें २५१ मिलिमीटर, मग तो फेरा ताटाएवढा असो वा क्रीडांगणाएवढा. (हें असें कां, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं वहीत सोडवून पाहावें, वर्तुळाचा परीघ काढतां येणें पुरेसें आहे.) दोन्ही चाकें एकाच आंसावर घट्ट बसवलीं, तर एक चाक घसरतेंच. खऱ्या मोटारींत ह्यावर डिफरन्शिअल हा उपाय असतो, आणि विटांच्या खेळांतही तो १९८० पासून मिळतो. पण आपल्या चार गुंड्यांपैकीं बहुतेक सर्व तोच खाऊन टाकतो. मागें एका छंद-प्रदर्शनांत आठवीच्या एका मुलीनें दोन्ही चाकें आंसावर मोकळीं ठेवलीं होतीं. असें कां केलेंस, असें विचारतां ती म्हणाली, "बैलगाडीचीं नसतात का?" उत्तर अगदीं बरोबर होतें. बैलगाडीचा कणा फिरत नाहीं. चाकें त्याभोंवतीं आपापल्या परीनें फिरतात, म्हणून कोपऱ्यावर गाडी अडत नाहीं. ह्या मुलीनें डिफरन्शिअल सोडलें तें अज्ञानानें नव्हे, विचारानें सोडलें. तिच्या मोटारीस त्या प्रदर्शनांत उत्तेजनार्थही कांहीं मिळालें नाहीं, कारण दरवाजे दोन रंगांचे होते.

मोटार ढकलली असतां इंजिनाचे दट्टे वरखालीं व्हावेत, ही हौस बहुतेकांस असते. येथें चाक व दट्टे यांच्यामध्यें दांतेरी चाकें घालून गति वाढवण्याचा मोह टाळावा. चोविसानें आठास फिरवलें कीं फेरे तिप्पट होतात खरे, परंतु जोरही तिप्पट लागतो, आणि सतरा मिलिमीटरांचें हलकें चाक फरशीवर नुसतें घसरत जातें. आंसावरच बुटके तुकडे बसवून त्यांनीं दट्टे उचलावे हें बरें. मारुतीच्या इंजिनास सिलिंडर तीन. खऱ्या इंजिनांत त्यांचे दांडे फेऱ्याच्या तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्यावर असतात. विटांचा आंस मात्र अधिकाच्या चिन्हाच्या आकाराचा, तेव्हां त्याच्यावरील तुकडा काटकोनानेंच वळवून बसवतां येतो. तीन दट्टे सारख्या अंतरानें कसे उठवावेत? आम्हांस तर वाटतें, न उठवावेत. दोन उठवावेत आणि तिसरा स्थिर ठेवून तसें चिठ्ठीवर प्रामाणिकपणें लिहावें.

स्प्रिंगांविषयीं इतकेंच कीं, ह्या मापांत त्यांच्या नादीं लागूं नये.

घर्षणाविषयीं मात्र मुलांस पुस्तकापेक्षां ह्या खेळांतून अधिक कळतें. २०१८ सालीं त्याच शिरॉन मोटारीचा एक पूर्ण आकाराचा नमुना दहा लाखांहून अधिक तुकड्यांतून तयार करण्यांत आला. तो खरोखर माणसें बसवून चालवला गेला. त्याला खेळण्यांतील २,३०० हून अधिक लहान विद्युत्‌यंत्रें जोडलेलीं होतीं. एवढ्या सैन्यानिशीं त्यानें तासास वीस किलोमीटरांहून थोडा अधिक वेग गांठला. शाळेंत येणारा आमचा सायकलवाला विद्यार्थी त्याच्या बरोबरीनें गेला असता.

आतां पालकांच्या मनांतील गोष्ट. हे तुकडे महाग आहेत. ही तक्रार खरी आहे, आणि ती उडवून लावणें आम्हांस शोभणार नाहीं. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं ह्या पेट्या कधींच जाणार नाहींत. परंतु लहान मोटारीच्या बाजूनें जें आम्ही बोलतों, त्याचें एक कारण हेंच आहे. सहा गुंड्यांच्या मोटारीस फार तुकडे लागत नाहींत. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते, तेव्हां जुने तुकडे निरुपयोगी होत नाहींत. मोठ्या भावंडाची पेटी धाकट्यास चालते, आणि दोघांचीही होऊन ती शाळेस चालते. त्या पेटंटाची मुदत केव्हांच संपली आहे. विटेचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याची मागणी युरोपीय न्यायालयानें २०१० सालीं अमान्य केली. आणि गुंडीस गुंडी जुळणाऱ्या इतरांच्या विटाही बाजारांत आहेत. शिवाय एकही तुकडा हातीं नसतां योजना करण्याचा मार्ग आहे. जेम्स जेसिमन ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें १९९५ सालीं 'एलड्रॉ' नांवाचें साधन संगणकावर सर्वांसाठीं विनामूल्य उपलब्ध केलें. तो १९९७ सालीं वारला, पण इतरांनीं तें काम पुढें चालवलें आहे. शाळेच्या संगणकावर तें चालतें. फक्त पडद्यावरील मोटारीचें चाक कधीं अडत नाहीं, आणि टेबलावरील मोटारीचें अडतें, हा फरक विसरतां कामा नये.

कोणी विचारील, मग लांकूड, पुठ्ठा, तार यांनीं काय पाप केलें आहे? कांहींच नाहीं. जुन्या चपलेच्या टाचेचीं चाकें कापून, त्यांत काडी ओंवून गाडी करणारीं मुलें आमच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलीं आहेत, आणि पेटी विकत आणून पुस्तिकेची पानें उलटणाऱ्यापेक्षां तीं यंत्रविद्येच्या अधिक जवळ आहेत, असें आम्ही निःशंक म्हणतों. विटेचा लाभ एवढाच कीं ती उलगडतां येते. लांकडाचें भोंक चुकलें कीं चुकलें. वीट काढून पुनः बसवली तर चूक झाल्याची खूणही उरत नाहीं. ज्या मुलास साधन पुरवून वापरावें लागतें, त्याला दहादां चुकण्याची मुभा देणारी वस्तु मिळणें मोठें आहे.

म्हणून येत्या प्रदर्शनासाठीं आमची सूचना अशी. चपलेच्या चाकांची गाडी आणि विटांची मोटार यांना एकाच टेबलावर जागा द्यावी. परीक्षकांनीं आधीं मोटार हातांत घ्यावी, ढकलावी, वळवावी; रूप नंतर पाहावें. मग करणारास समोर बोलावून विचारावें कीं, तूं काय सोडलेंस व कां सोडलेंस. ज्यानें पुस्तिकेवरून केली असेल, त्यास ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येणार नाहीं. त्याची सुबक जुळणी स्वतंत्र कौतुकास पात्र ठरवावी, पण त्या कौतुकाचें नांव निराळें असावें. पालकांसही एक विनंति: मोटार अर्ध्यावर अडली असतां तिला हात लावूं नका. अडलेली मोटार घेऊन आलेलें मूल आम्हांस बाबांनीं पूर्ण केलेल्या मोटारीपेक्षां अधिक प्रिय आहे.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत जुन्या तुकड्यांची एक पेटी ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं माळ्यावर असे तुकडे पडलेले असतील, त्यांनीं ते आणून द्यावेत. दांतेरी चाकें, आंस आणि रबरी धांवा यांची विशेष गरज आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर दोन तास टेबल मोकळें असेल. तेथें येणारांसाठीं एक कोडें आतांच सांगून ठेवतों. खऱ्या मारुति ८०० चें इंजिन मागचीं चाकें फिरवीत नाहीं, पुढचीं फिरवतें. म्हणजे जीं चाकें वळतात तींच गाडी ओढतात. आपल्याजवळ पुढें तीन गुंड्या आहेत. कागद व पेन्सिल बरोबर आणावी, आणि जातांना तुकडे मोजून परत ठेवावेत.